आधी मागचं दार

बिंग्लीला कालवा पाच पायऱ्यांनी टेकडी चढतो.
रविवारी मी तिथे नावा बघत बसते.
मिस्टर बॅराक्लफ, वय अठ्ठ्याहत्तर, बिनपगारी रखवालदार,
काळ्या लाकडी दांड्याला पाठ लावून उलटे चालतात
आणि चढणाऱ्या दर नावेला तेच ओरडून सांगतात:
आधी मागचं दार. मगच पुढचं.
दोन्ही एकदम उघडली तर? एका पोराने विचारलं.
"मग कालवा राहत नाही, बाळा. नुसता उतार राहतो."

सोमवार ते शुक्रवार मी लीड्सला, तळघरात,
मायक्रोस्कोपला डोळे लावून.
उंदराच्या वृषणाचे पातळ काप.
नळ्यांच्या चकत्या, शेजारी शेजारी,
विळीवर चिरलेली भेंडी असावी तशा.
प्रत्येक चकतीच्या काठाशी सर्टोली पेशी उभ्या,
एकमेकींच्या पदराला पदर शिवून.
शिवणीच्या अलीकडे रक्ताचा मुलूख.
पलीकडे, रक्ताने कधीच न पाहिलेली मंडळी.

रक्त ओळखी पाठ करतं बाळपणी.
ही मंडळी येतात मिसरूड फुटायच्या सुमारास,
हजेरी कधीच घेऊन झालेली असते.
दिसली, तर रक्त विचारणार, कोण रे तुम्ही?
आणि उत्तराला थांबणार नाही.

पण बीज असतं अलीकडे, काठावर,
आणि त्याला वाढायचं असतं पलीकडे.
उंदराच्या चौदा अवस्थांतल्या आठवीत तो दिवस येतो.
भावंडं निघतात, एकमेकांपासून पुरती न तुटलेली,
मध्ये बारीक पूल राखून,
जत्रेत बोटं धरून चालतात तशी.
सुरुवातीला मला वाटायचं, शिवण उसवत असेल,
ती आत गेली की कुणीतरी घाईघाईने टाके घालत असेल.
तसं नसतं.
त्यांच्या पाठीशी आधी नवी शिवण पडते,
क्लॉडिनची, रंगवली की हिरवी चमकणारी.
थोडा वेळ दोन्ही रेषा, वर एक, खाली एक,
मध्ये भावंडं, ना इकडची ना तिकडची.
मग वरची विरते.
तिचीच लोकर उसवून खाली विणतात, असं म्हणतात.
टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की टाके ढिले होतात.
एरवी हे चालूच, नळीनळीतून,
मालकाला न विचारता.

जगन्नाथला चौदाव्या वर्षी विट्याच्या मैदानावर चेंडू लागला.
गार्ड शाळेत एकच, तो कॅप्टनचा.
आईने तीन दिवस लेप लावला,
मास्तरांना सांगितलं, ताप आहे.
परवा ब्रॅडफर्डच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर स्केल्टन म्हणाली,
शुक्राणूंना अँटिबॉडी चिकटल्यात,
डोक्याला डोकं लावून अडकून बसलेत.
जुनी इजा? कदाचित. नक्की सांगता येत नाही.
बावीस वर्षं ज्याला तो ताप म्हणत आला
त्याला नाव मिळालं, तेही कदाचितवालं.
बसमध्ये त्याने विचारलं, तू रोज हेच बघतेस ना?
मी म्हटलं, उंदरांचं.
शिप्लीपर्यंत कुणी बोललं नाही.
मग तोच हसला. उंदरांना क्रिकेट नसतं.

आज त्याला इथे घेऊन आले.
बॅराक्लफनी काही न विचारता दांडा त्याच्या पाठीला दिला.
टाचा विटांच्या कंगोऱ्यात रोवून तो मागे रेलला,
मागे, आणखी मागे,
लाकूड कण्हलं, दार हललं.
लागलं का? तो ओरडला.
मी कठड्यावरून वाकून पाहिलं.
दोन फळ्यांच्या मधून
पाण्याची एक बारीक धार सुटली होती.
"थोडं गळतंच," बॅराक्लफ म्हणाले. "लाकूड आहे."
आणि वरच्या दाराकडे चालू लागले.